डॉसवर सिरीयल पोर्टचा वेग ठरवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यातलं जुनं सीएनसी मशीन, वजनकाटा, लॅबमधलं एखादं मोजयंत्र अशी उपकरणं अजून ठणठणीत असतात, पण त्यांच्याशी बोलणारा प्रोग्रॅम एमएस-डॉसवरच चालतो. अशा ठिकाणी अडलेल्यांसाठी हे पान आहे. उत्तरं मुख्यतः एमएस-डॉसची आहेत, फ्रीडॉसलाही जवळपास तशीच लागू पडतात. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे वापरायचे. पोर्टचे पत्ते सगळीकडे हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत आहेत.

वेग नक्की ठरतो कुठे? डॉसमध्ये, बायोसमध्ये (पीसीच्या चिपमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) की कार्डावर?

कार्डावर. बाकीचे सगळे मध्यस्थ आहेत.

१९८१च्या आयबीएम पीसीच्या सिरीयल कार्डावर ८२५० नावाची यूएआरटी चिप, म्हणजे बाइटाचे बिट एकेक करून तारेवर पाठवणारी आणि घेणारी चिप, होती आणि तिच्या शेजारी १.८४३२ मेगाहर्ट्झचा स्वतंत्र क्रिस्टल. ही चिप प्रत्येक बिटासाठी घड्याळाचे १६ ठोके मोजते. म्हणजे १८,४३,२०० भागिले १६, बरोबर १,१५,२००. हा झाला कमाल वेग, सेकंदाला इतके बिट. आपण चिपला फक्त एक भाजक देतो आणि १,१५,२०० ला त्या भाजकाने भागून जे येईल तो आपला वेग. ९६०० हवा तर भाजक १२, २४०० ला ४८, १२०० ला ९६.

क्रिस्टल वेगळा असल्यामुळे पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा असो की पेंटियम, टर्बो बटण दाबलेलं असो की नसो, वेग बदलत नाही. आयबीएम पीसीज्युनियर हा एक अपवाद. त्यात चिपला १.७८९५ मेगाहर्ट्झ मिळत, त्यामुळे नेहमीचा भाजक दिला की वेग जवळपास तीन टक्के कमी पडतो.

मग मोड कमांड काय करते? तीच वापरली तर चालणार नाही का?

९६०० पर्यंत बिनधास्त वापरा. उदाहरणार्थ:

मोड कॉम१:९६,एन,८,१

वेगाचे पहिले दोन आकडे दिले तरी पुरतं. पण बाकीचे रकाने रिकामे सोडू नका. पॅरिटी, म्हणजे चूक ओळखायला जोडलेला जादा बिट, लिहिली नाही तर मोड ती सम धरते आणि डेटा बिट लिहिले नाहीत तर ७ धरते. समोरचं यंत्र ८ बिट, बिनपॅरिटीचं असेल तर वेग बरोबर असूनही पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं, आणि माणूस तासभर वेगाशीच झुंजत बसतो.

१९२०० आणि कॉम३, कॉम४ यांची सोय डॉस ३.३ पासून आहे, पण १९२०० प्रत्येक मशीनवर चालेलच असं नाही. त्याच्या वर मोड जात नाही. शिवाय मोडने लावलेला वेग कायमचा नसतो. पुढचा प्रोग्रॅम पोर्ट उघडताना आपल्या मनाप्रमाणे चिप पुन्हा लावतो, आणि बहुतेक प्रोग्रॅम तेच करतात.

बायोसचा इंटरप्ट १४ वापरून ३८४०० का लावता येत नाही?

कारण जागाच नाही. इंटरप्ट १४ म्हणजे बायोसमधलं सिरीयल पोर्टचं तयार रूटीन. प्रोसेसरच्या एएच रजिस्टरमध्ये ० आणि एएलमध्ये एक बाइट देऊन ते बोलवायचं असतं. त्या बाइटचे वरचे तीनच बिट वेगासाठी आहेत. तीन बिटांत आठ पर्याय मावतात: ११०, १५०, ३००, ६००, १२००, २४००, ४८०० आणि ९६००. संपलं. ९६००, बिनपॅरिटी, ८ बिट, १ स्टॉप बिट यासाठी तो बाइट हेक्स ई३ होतो. पीएस/२ मालिकेच्या बायोसमध्ये एएच ४ हे वाढीव काम आलं आणि त्यात १९२०० घालता आला, पण तो सगळ्या क्लोन मशिनांवर मिळेल असं समजून प्रोग्रॅम लिहू नये.

टर्बो सीचं बायोसकॉम फंक्शन वापरलं, पण एकही अक्षर जात नाही. वेग तर बरोबर आहे.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सी शिकलेल्यांची बोटं आपोआप टर्बो सीकडे वळतात, म्हणून हा प्रश्न फार येतो. बायोसकॉम म्हणजे आतून तोच इंटरप्ट १४. आणि बायोस अक्षर पाठवण्याआधी डीएसआर (समोरचं यंत्र तयार आहे) आणि सीटीएस (आता पाठव) या दोन्ही रेषा चालू होण्याची वाट बघतो, घेताना डीएसआरची. तुमची केबल तीन तारांची असेल, म्हणजे फक्त पाठवणं, घेणं आणि ग्राउंड, तर त्या रेषा कधीच चालू होत नाहीत. थोडा वेळ थांबून बायोस हात टेकतो आणि एएचचा सर्वांत वरचा बिट चढवून परत येतो.

इलाज दोन. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये ७ आणि ८ एकमेकांना जोडा, आणि १, ४, ६ एकत्र जोडा. पीसी स्वतःच स्वतःला हिरवा कंदील दाखवतो. दुसरा इलाज, आणि माझ्या मते खरा इलाज, बायोस सोडून थेट चिपशी बोलणं.

थेट चिपशी कसं बोलायचं?

कॉम१ चा पत्ता सहसा ३एफ८, कॉम२ चा २एफ८, कॉम३ चा ३ई८ आणि कॉम४ चा २ई८. खात्री करायची असेल तर बायोसने सापडलेले पत्ते ००४०:०००० पासून दोन-दोन बाइटांत लिहून ठेवलेले असतात, तिथे बघा.

चिपला ओळीने आठ पत्ते मिळतात. वेगासाठी त्यांतले तीन पुरतात. पहिल्या दोन पत्त्यांवर एरवी डेटा आणि इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला हाक मारण्याची, परवानगी असते. पण चौथ्या पत्त्यावरच्या, म्हणजे ३एफबी वरच्या, लाइन कंट्रोल रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट चढवला की तेच दोन पत्ते भाजकाचे होतात: खालचा बाइट ३एफ८ वर, वरचा ३एफ९ वर. या बिटाला डीलॅब म्हणतात. भाजक लिहून झाला की तो उतरवायचा.

यासाठी प्रोग्रॅमही लागत नाही, डॉसबरोबर येणारा डीबग पुरतो. कॉम१ वर ९६०० लावायचा तर डीबग उघडून या चार ओळी (ओ म्हणजे पोर्टवर लिही):

ओ ३एफबी ८०
ओ ३एफ८ ०सी
ओ ३एफ९ ००
ओ ३एफबी ०३

पहिल्या ओळीने डीलॅब चढला. ०सी म्हणजे १२, तो भाजकाचा खालचा बाइट. वरचा शून्य. शेवटच्या ओळीतल्या ०३ ने एकदम दोन कामं होतात: डीलॅब उतरतो आणि ८ बिट, बिनपॅरिटी, १ स्टॉप बिट ही मांडणी बसते. ७ बिट आणि सम पॅरिटी हवी असेल तर ०३ च्या जागी १ए.

वरचा बाइट नेहमी शून्यच असतो असं समजू नका. ३०० साठी भाजक ३८४, हेक्समध्ये १८०. तेव्हा खाली ८० आणि वर ०१ जातो. ४५० च्या वरच्या सगळ्या वेगांना मात्र वरचा बाइट शून्य असतो, आणि म्हणूनच तो लिहायचं विसरण्याची सवय लागते. आधीच्या प्रोग्रॅमने पोर्ट ३०० वर सोडलेला असेल तर हे विसरणं नडतं.

टर्बो सीमध्ये हेच काम आउटपोर्टबी आणि इनपोर्टबी करतात. पण तिथे एक काळजी घ्या. डीलॅब चढलेला असताना इंटरप्ट आला आणि त्याच्या रूटीनने ३एफ८ वाचला, तर त्याच्या हाती डेटाऐवजी भाजक लागतो. म्हणून या चार ओळींच्या आधी डिसेबल (इंटरप्ट बंद) आणि नंतर एनेबल (पुन्हा चालू). आणि पाठवणं चालू असताना वेग बदलू नका. ३एफडी वरच्या लाइन स्टेटस रजिस्टरमधला ६ क्रमांकाचा बिट चढेपर्यंत थांबा, म्हणजे शेवटचं अक्षर तारेवर पूर्ण गेलेलं असतं. मोजणी ० पासून, हे लक्षात असू द्या.

कोणकोणते वेग मिळतात? मनात येईल तो आकडा लावता येतो का?

१,१५,२०० ला पूर्ण संख्येने भागून येतो तोच. ५७६०० ला भाजक २, ३८४०० ला ३, १९२०० ला ६, १४४०० ला ८. हे सगळे अचूक. ११० ला १०४७ दिला की ११०.०३ मिळतो, तोही चालतो. २००० ला ५८ द्यावा लागतो, चूक सुमारे ०.७ टक्के, तरी चालतो.

खरी अडचण वरच्या टोकाला आहे. भाजक १ नंतर थेट २, म्हणजे १,१५,२०० नंतर थेट ५७६००, मधलं काहीच नाही. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायची पद्धत, हिचा वेग ३१२५० आहे. त्यासाठी ३.६८६४ भाजक हवा. ४ दिला तर २८८००, जवळपास ८ टक्के कमी. त्यामुळे साध्या सिरीयल पोर्टला मिडी कीबोर्ड जोडायचा बेत सोडून द्या, प्रोग्रॅम कितीही हुशार लिहिला तरी क्रिस्टल ऐकणार नाही.

दोन्ही टोकांचा मिळून फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत राहिला तर काम होतं. घेणारी चिप स्टार्ट बिटाच्या कडेपासून मोजायला सुरुवात करते आणि दहाव्या बिटापर्यंत साचत गेलेली चूक अर्ध्या बिटाच्या आत असावी लागते.

वेग बरोबर लागला हे कसं तपासायचं? मी २ आणि ३ पिन जोडून बघितलं, सगळं छान परत आलं.

त्या चाचणीने वेग कळतच नाही! पाठवणारी आणि घेणारी बाजू एकाच चिपची, दोघींना भाजक एकच. वेग चुकीचा असला तरी दोघी एकसारख्याच चुकतात आणि अक्षर सुखरूप परत येतं. लूपबॅकने केबल आणि चिप शाबूत आहेत एवढंच कळतं.

भाजक परत वाचणं सोपं. डीबगमध्ये ओ ३एफबी ८३, मग वाचायला आय ३एफ८ आणि आय ३एफ९, आणि न विसरता ओ ३एफबी ०३. ०सी आणि ०० दिसले तर ९६००.

मनगटावरच्या घड्याळानेही तपासता येतं. ८ बिट बिनपॅरिटीत एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं. ९६०० बाइटांची फाइल पाठवायला १० सेकंद लागले पाहिजेत. पाच लागले तर वेग दुप्पट आहे.

ऑसिलोस्कोप असेल तर इंग्रजी मोठा यू सतत पाठवा. त्याचा कोड हेक्स ५५, बिट एकाआड एक ० आणि १, आणि स्टार्ट-स्टॉप धरूनही ती आलटापालट मोडत नाही. पडद्यावर सरळ चौकोनी लाट दिसते. ९६०० ला प्रत्येक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, लाट ४८०० हर्ट्झची. समोरच्या यंत्राचा वेग माहीत नसेल तर त्याच्या बाजूने येणारा सर्वांत अरुंद ठोका मोजा आणि १० लाखाला त्या मायक्रोसेकंदांनी भागा.

पडद्यावर कचरा येतो. दोष वेगाचा की आणखी कशाचा?

कचऱ्याचा प्रकार बघा. सगळीच अक्षरं चुकीची, आणि एकच अक्षर पाठवलं की दर वेळी तोच चुकीचा कचरा, तर वेग. आकडे-अक्षरं काही बरोबर आणि काही विचित्र चिन्हं, तर बहुधा ७-८ बिट किंवा पॅरिटीचा घोळ. अक्षरं बरोबर पण मधली मधली गायब, तर वेग ठीक आहे, पीसीला झेपत नाहीये.

३एफडी वाचला की चिप स्वतःच सांगते. बिट १ म्हणजे आधीचं अक्षर उचललं नाही तोवर दुसरं आलं. बिट २ पॅरिटीची चूक. बिट ३ म्हणजे स्टॉप बिट असायला हवा होता तिथे सापडला नाही, ही चुकीच्या वेगाची ठळक खूण. हे बिट वाचले की पुसले जातात, म्हणून वाचलेली किंमत आधी साठवून ठेवा आणि मग एकेक बिट तपासा.

वेग ३८४०० ला जमला, पण अक्षरं गळतात. काय करावं?

इथेच बहुतेकांचं अडतं, कारण वेग लावणं चार ओळींचं काम आहे आणि तो पेलणं चाळीस ओळींचं.

९६०० ला दोन अक्षरांमध्ये जेमतेम १ मिलिसेकंद असतो, १,१५,२०० ला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. ८२५० आणि १९८४च्या पीसी एटीबरोबर आलेली १६४५० यांच्यापाशी आलेलं एकच अक्षर ठेवायला जागा आहे. तेवढ्या वेळात ते उचललं नाही की पुढचं येऊन त्याच्यावर बसतं. आयबीएमने तर आपल्या मूळ कार्डाच्या तांत्रिक पुस्तिकेत ९६०० च्या वर जाऊच नका असं बजावलं होतं. बायोसचा इंटरप्ट १४ अक्षर साठवत नाही, तुम्ही विचाराल तेव्हाच बघतो. पडदा सरकवायला किंवा डिस्कवर लिहायला गेलात की तोवरची अक्षरं गेली.

म्हणून स्वतःचं इंटरप्ट रूटीन लिहायचं. कॉम१ ला आयआरक्यू (कार्डाकडून प्रोसेसरला हाक मारणारी रेष) ४, म्हणजे इंटरप्ट ०सी. कॉम२ ला आयआरक्यू ३, म्हणजे ०बी. रूटीन आलेलं अक्षर उचलून मेमरीतल्या गोल बफरमध्ये टाकतं, शेवटी पोर्ट २० वर हेक्स २० लिहून इंटरप्ट संपल्याचं कळवतं आणि बाहेर पडतं. त्याआधी ३एफ९ वर ०१ लिहून चिपला परवानगी द्यायची आणि पोर्ट २१ वरचा आयआरक्यू ४ चा बिट उतरवायचा.

एवढं सगळं करूनही इंटरप्ट येत नसेल तर ३एफसी वर ०बी लिहिलं का बघा. त्यातला बिट ३, म्हणजे आउट२, पीसीच्या कार्डावर इंटरप्टची रेष प्रत्यक्ष जोडतो. ८२५० चं डेटाशीट वाचून हे कळत नाही, कारण ती करामत चिपची नाही, आयबीएमच्या कार्डाची आहे.

कॉम१ आणि कॉम३ दोघांना आयआरक्यू ४ च असतो. कॉम१ वर माउस आणि कॉम३ वर मोडेम अशी जोडी एकाच वेळी सुखाने नांदत नाही.

१६५५० ए चिप असेल तर?

तर निम्मी लढाई जिंकली. तिच्यात १६ अक्षरांची रांग आहे, पण ती चालू करावी लागते. ३एफए वर हेक्स सी७ लिहिलं की रांग चालू, आधीचा गाळ साफ, आणि १४ अक्षरं साठली की इंटरप्ट. नंतर तोच पत्ता वाचला आणि वरचे दोन्ही बिट चढलेले दिसले तर चिप १६५५० ए. ए नसलेल्या मूळ १६५५० ची रांग सदोष होती, तिच्या नादी लागू नका.

१४ ऐवजी मी ८ ठेवा म्हणेन, म्हणजे हेक्स ८७. १४ ठेवलं तर इंटरप्ट येईपर्यंत रांगेत दोनच जागा उरतात, आणि एखाद्या डिस्क ड्रायव्हरने इंटरप्ट जरा वेळ रोखून धरले की संपलं. ८ ठेवलं तर १,१५,२०० लाही अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त उसंत मिळते.

क्यूबेसिकमध्ये ९६०० च्या वर कसं जायचं?

ओपन कॉम१:९६००,एन,८,१ असं उघडा आणि लगेच आउट वापरून वरच्याच चार ओळींनी भाजक बदला. डिव्हाइस टाइमआउट आला तर ओपनच्या ओळीत सीएस०, डीएस०, सीडी० घाला, म्हणजे तो त्या रेषांची वाट बघत नाही.

मोडेम १४४०० चा आहे. पोर्ट १४४०० वरच ठेवायचा ना?

नाही. पीसी ते मोडेम हा एक वेग आणि मोडेम ते मोडेम हा दुसरा. मोडेम डेटा दाबून पाठवत असेल तर पीसीकडून त्याला जास्त वेगाने माल मिळायला हवा. पोर्ट ३८४०० किंवा ५७६०० वर कायम ठेवा आणि आरटीएस-सीटीएसची अडवणूक, म्हणजे या दोन रेषांनी एकमेकांना थांब-चल सांगणं, दोन्हीकडे चालू करा. ती नसेल तर मोडेमचा बफर भरून वाहील.

विंडोज ३.१ किंवा जुन्या लिनक्सवर काय?

विंडोज ३.१ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये यादी १९२०० ला संपते. प्रोग्रॅममधून डीसीबी या रचनेत वेगाचा रकाना १६ बिटांचा आहे, त्यात ६५,५३५ च्या वरचा आकडा मावतच नाही, म्हणून मोठ्या वेगांना वेगळे सांकेतिक आकडे ठेवले होते. जुन्या लिनक्सवर वेगळीच गंमत: सेटसिरीयलने एसपीडी_व्हीएचआय लावलं की प्रोग्रॅमने ३८४०० मागितला तरी त्याला १,१५,२०० मिळतो. प्रोग्रॅमला मोठा वेग माहीत नसला तरी काम होतं. एसपीडी_एचआय ने तसाच ५७६०० मिळतो.

नव्या पीसीवर यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावून डॉसचा जुना प्रोग्रॅम चालेल का?

शुद्ध डॉसवर नाही. कन्व्हर्टर ३एफ८ वर नसतोच, त्यामुळे थेट चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे कोणी सापडत नाही. विंडोजवर किंवा लिनक्सवर डॉसबॉक्स चालवून त्याचा डायरेक्टसिरीयल पर्याय त्या कन्व्हर्टरला जोडला तर बऱ्याचदा जमतं, कारण डॉसबॉक्स प्रोग्रॅमपुढे खोटी चिप उभी करतो. पीसीआयचं सिरीयल कार्ड घेत असाल तर पत्ता वेगळा असेल हे धरून चला, आणि काही कार्डांवर क्रिस्टलही वेगळा असतो, तेव्हा भाजकाचं सगळं गणित बदलतं.

सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवताना मध्येच थांबतो किंवा ओळी खाल्ल्या जातात. वेग कमी करू का?

भोसरी-चाकणसारख्या पट्ट्यांत वर्कशॉप चालवणाऱ्यांना पडणारा प्रश्न. वेग कमी करून लक्षण लपतं, रोग जात नाही. फानुकच्या जुन्या कंट्रोलरांवर ४८००, ७ बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट ही मांडणी सर्रास दिसते. भाजक २४, आणि ३एफबी वर १ई. मशीनचा बफर भरला की ते थांब म्हणून हेक्स १३ पाठवतं आणि मोकळं झालं की ११. डॉसची कॉपी कमांड या १३ कडे ढुंकूनही बघत नाही, पाठवतच राहते. ओळी तिथे जातात.

म्हणून पाठवणारा प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराआधी काही आलंय का बघणारा हवा. आणि १६५५० ए असेल तर पाठवताना रांगेत १६ अक्षरं एकदम भरू नका. मशीनने थांब म्हटल्यावरही रांगेतली अक्षरं जातच राहतात, आणि काही कंट्रोलर तेवढी जास्तीची अक्षरं घेत नाहीत, सरळ अलार्म देतात. एकेक अक्षर टाका. ४८०० ला सेकंदाला ४३६ अक्षरंच जायची आहेत, ३८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसीलाही ते सहज जमतं.